कोर्टातील हरकत

(उपनगरातील कष्टकरी कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एका लहानशा शब्दावर बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे हरकत. तुमच्या तोंडी तो रोज असतो. सोयऱ्याने लग्नाची तारीख विचारली म्हणजे "आमची काही हरकत नाही" असे आपण सहज म्हणतो. परंतु हाच शब्द अंधेरीच्या, बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या कोर्टात काळ्या कोटाच्या तोंडून निघाला म्हणजे त्याचे वजन पालटते. त्यावर कुणाची खोली राहते, कुणाची जाते. आणि नवल असे की, ज्याची खोली असते तो मागच्या बाकावर हातात पिशवी धरून बसलेला असतो, आणि आपल्या पुढ्यात काय घडून गेले ह्याचा त्यास पत्ताही नसतो.

सिनेमाने आपली समजूत फार बिघडविली आहे. सिनेमातला वकील मूठ आपटतो, आरोळी ठोकतो, आणि जज्जसाहेब हातोडा मारतात. खऱ्या कोर्टात हातोडा नसतो आणि आरोळीही नसते. वकील अर्धवट उठतो, "साहेब, हरकत आहे," एवढेच म्हणतो. समोरचा वकील दोन वाक्ये बोलतो. साहेब टंकलेखकास एखादी ओळ सांगतात. छताचा पंखा फिरतच असतो. पण ती ओळ लिहिली गेली की नाही, ह्यावर पुढची दहा वर्षे अवलंबून असतात.

हरकत म्हणजे काय? आपल्याकडे बांध कोरणारा शेजारी असतो. तो एका रात्रीत शेत खात नाही. ह्या पावसाळ्यात वीतभर, पुढच्या पावसाळ्यात वीतभर. पहिल्या वर्षी जो धनी बांधावर उभा राहून "अहो, हा आमचा बांध आहे" असे चार माणसांदेखत म्हणतो, त्याचे शेत राहते. जो म्हणतो, "जाऊ द्या, शेजारधर्म आहे," त्यास बारा वर्षांनी कायदा सांगतो की, तुझा दावा मुदतीबाहेर गेला. कोर्टातही असेच आहे. समोरची बाजू कायद्याचा बांध कोरून आत येऊ लागली, की त्याच क्षणी उभे राहून तसे सांगणे, ह्याचे नाव हरकत. जज्जसाहेब तुमच्या बांधाची राखण करण्यास बसलेले नाहीत. ते निवाडा करण्यास बसले आहेत. राखण तुमची तुम्हीच करावयाची.

हरकतीचे नियम ज्या कायद्यात आहेत तो पुराव्याचा कायदा १८७२ सालचा. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून तो चालू झाला आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे आकडे हलले, पण आम्ही आज जे सांगणार आहोत त्यातले बहुतेक जसेच्या तसे आहे. नवीन पाटी, जुनेच दुकान.

कित्येक मंडळी म्हणतात, हरकत म्हणजे वकिली कावा. सत्याला काय हरकतीची गरज? त्यांना आम्ही आपल्याच घरातली एक गोष्ट सांगतो. १९२५ साली दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. प्रकाशक केशवराव जेधे. त्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक ह्यांच्यावर अत्यंत तिखट भाषेत टीका होती. चिपळूणकर १८८२ सालीच वारलेले. त्यांच्या घराण्यातल्या एका गृहस्थाने पुण्यास अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि खालच्या कोर्टाने जवळकर, जेधे व त्यांचे जोडीदार ह्यांस शिक्षा ठोठावल्या. अपिलात डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यांना वकिली सुरू करून तीनच वर्षे झाली होती. पुस्तकातला शब्द बरा की वाईट ह्या वादाच्या चिखलात न शिरता त्यांनी मूळच धरले. मेलेल्या माणसाच्या बदनामीचा गुन्हा कायदा केव्हा मानतो? त्याच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवाव्यात असा हेतू असेल तेव्हा. मग हा फिर्यादी विष्णुशास्त्र्यांचा किती जवळचा? तो तर लांबचा नातलग. तेव्हा फिर्याद करण्याचा अधिकारच त्यास नाही. १९२६ साली अपिलात सगळे निर्दोष सुटले. पुण्यात तेव्हा कुणी कुणी म्हटले असेल की वकिलाने वाट काढली. आम्ही म्हणतो, कायद्यात दार होते, ते ज्याला ठाऊक होते त्याने उघडले. इतके दिवस ती ठाऊकी एकाच आळीत राहत होती, एवढाच काय तो फरक.

ही मुळावरची हरकत झाली. साक्ष चालू असता ज्या लहान लहान हरकती निघतात त्या वेगळ्या, आणि तुमच्या घराशी त्यांचाच संबंध अधिक येतो. त्यांतही कागदांवरच्या हरकती आम्ही आधी घेतो, कारण उपनगरातल्या आपल्या माणसांचे निम्मे दावे कागदांपायी बुडतात असे आमचे मत आहे.

हा मुलूख पूर्वीपासून मुंबई नव्हता, हे ध्यानात घ्या. हा ठाणे जिल्ह्यातला साष्टी तालुका. १९२० साली उपनगर जिल्हा वेगळा झाला, आणि बोरिवली व मुलुंड तर १९५७ साली बृहन्मुंबईत आले. तेव्हा येथल्या कोळ्याच्या, आगऱ्याच्या, कुणब्याच्या, वाडवळाच्या ट्रंकेत जे जुने कागद आहेत ते कुठले? कुणाचे ठाण्याचे, कुणाचे वांद्र्याचे, आणि कित्येक मोडी लिपीतले. पुढे घाटावरून आणि कोकणातून गिरणीत, कारखान्यात आलेला माणूस घाटकोपरच्या डोंगरावर किंवा भांडुपच्या चाळीत राहिला. त्याने खोली घेतली ती कशावर? शंभर रुपयांच्या स्टँपावर, कधी कोऱ्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. मूळ कागद भावकीत कुणाकडे तरी, आणि आपल्याजवळ झेरॉक्स. असे हे सामान घेऊन माणूस कोर्टात जातो आणि त्यास वाटते, कागद आहे म्हणजे झाले. समोरचा वकील तीन हरकती खिशात घेऊनच आलेला असतो.

पहिली हरकत मुद्रांकाची. "साहेब, ह्या कागदावर पुरेसा मुद्रांक नाही." ही हरकत कागद पुढे येताच घेतली पाहिजे आणि कोर्टाने तिचा निकाल तेथल्या तेथे दिला पाहिजे. ती न घेता कागद पुराव्यात दाखल झाला आणि त्यावर निशाणी पडली, म्हणजे मुद्रांकापुरते ते दार कायमचे बंद. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ सालीच सांगितले आहे. दोन्ही बाजूंनी हा नियम पाहा. कागद तुमचा असेल तर घाबरून जाऊ नका. मुद्रांक कमी पडला म्हणून कागद मरत नाही. कमी पडलेली रक्कम आणि तिच्यावर महिन्याला दोन टक्क्यांप्रमाणे दंड भरला की तो जिवंत होतो. वीस वर्षांचा कागद असेल तर दंड जड जातो, हे खरे. म्हणून तो दावा लावण्यापूर्वी वकिलास दाखवा, साक्षीच्या दिवशी नव्हे.

दुसरी हरकत सिद्ध करण्याच्या रीतीची. येथे फार माणसे फसतात. कागद चालतो, पण तुम्ही तो ज्या वाटेने आणला ती वाट चुकीची, अशी ही हरकत असते. झेरॉक्स आणली, मूळ कुठे आहे? सही कुणाची, ओळखणारा कोण? लिहिणारा हयात आहे ना, मग त्यास का बोलाविले नाही? मोडी कागदाचे बाळबोधीत लिप्यंतर केले ते कुणी, आणि तो पेटीत उभा राहणार आहे काय? ही हरकत कागद दाखल होतानाच घ्यावी लागते. तेव्हा गप्प बसलात आणि अपिलात जाऊन म्हणालात की ती झेरॉक्स होती, तर ते ऐकले जात नाही. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्याचे कारण दिले आहे आणि ते आम्हांस न्याय्य वाटते. तुम्ही वेळेवर बोलला असता तर समोरच्याने मूळ कागद आणला असता, साक्षीदार बोलाविला असता. तुम्ही मुकाट राहून त्यास बेसावध ठेवलेत आणि आता त्याच्या हातून वेळ गेल्यावर बोट दाखविता, हे चालणार नाही. बाजारात भांडे वाजवून न घेता घरी नेले, आणि वर्षाने चिरले म्हणून कुंभाराच्या दारात उभे राहिलो, तर कुंभार काय म्हणेल?

तिसरी हरकत मूळच्याच नालायकीची. म्हणजे कायद्यानेच जो कागद त्या कामास चालत नाही असे ठरविले आहे तो. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीचे वा घराचे खरेदीखत नोंदणी केलेले नसेल, तर मालकी दाखविण्यास ते चालत नाही. हे १९०८ सालच्या नोंदणी कायद्याचे म्हणणे. ही हरकत पुढे केव्हाही घेता येते, अपिलातसुद्धा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००८ साली ह्या तिन्ही हरकतींची वेळ नीट फोड करून सांगितली आहे. ज्याचा दिवाणी दावा चालू आहे त्याने आपल्या वकिलास एवढे जरूर विचारावे: आपल्या कागदांपैकी कोणता कोणत्या हरकतीत सापडेल?

दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. कागदावर निशाणी पडली म्हणजे तो खरा ठरला असे नव्हे. तो फक्त वाचण्यास आत आला. खरा की खोटा हे निकालात ठरते. आणि दुसरी, तीस वर्षांहून जुना मूळ कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला असेल तर सह्या खऱ्या असाव्यात असे कोर्ट गृहीत धरू शकते. पण झेरॉक्स तीस वर्षे ट्रंकेत ठेवली तरी तिला हा मान मिळत नाही. तेव्हा मूळ कागद भावाकडे आहे, पुतण्याकडे आहे, असे असेल तर भाऊबंदकी पुरती पेटण्याआधी तो कुठे आहे त्याचा छडा लावा.

आता तोंडी साक्षीकडे येऊ. आपल्या बाजूचा वकील आपल्या साक्षीदारास प्रथम विचारतो ती सरतपासणी. त्यात सूचक प्रश्न चालत नाही. "काय आबा, तेव्हा ह्याच्या हातात कोयता होता ना?" असे विचारले की समोरचा वकील उठलाच म्हणून समजा. कारण प्रश्नातच उत्तर आहे. आबांनी फक्त मान हलवायची. विचारायचे ते असे: "तेव्हा तुम्ही काय पाहिले?" उलटतपासणीत मात्र सूचक प्रश्न चालतो, ती आहेच ठोकून पाहण्यासाठी. ह्यात एक बारीक खोच आहे. कायदा म्हणतो, विरुद्ध बाजूने हरकत घेतल्यास सूचक प्रश्न विचारता येणार नाही. म्हणजे समोरचा झोपला असेल तर प्रश्नही चालला आणि उत्तरही लिहिले गेले!

ऐकीव गोष्टीवरही हरकत निघते. "सुनेने मला सांगितले की दिराने दार तोडले," हे सासूच्या तोंडून चालत नाही; सुनेसच बोलवावे लागते. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्यापुरता भाग तेवढा चालतो. सरकारी वकील सापडलेल्या कोयत्याबरोबर सगळा कबुलीजबाबच आत ढकलू पाहतो, तेव्हा बचावाच्या वकिलाने त्याच जागी अडविले पाहिजे. गरीब आरोपीचा वकील तारखेस उशिरा पोचला, किंवा फाईल न वाचता पोचला, तर नेमके येथेच नुकसान होते. वकील देण्याची ऐपत नसेल त्यास १९८७ सालच्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींची माणसे ह्यांस तर मिळकत न पाहता मिळतो. तो मागण्यात कमीपणा नाही. फक्त मिळालेल्या वकिलास साक्षीच्या आदल्या दिवशी भेटा.

आमच्या लेकीसुनांच्या बाबतीत थोडे थांबून बोलले पाहिजे. अत्याचाराच्या खटल्यात बाईस पेटीत उभी करून तिच्या चालचलणुकीवर प्रश्न विचारावयाचे, ती रडली की म्हणावयाचे "पाहा, गोंधळली," ही रीत फार वर्षे चालली. आता कायद्याने तिच्या पूर्वीच्या संबंधांचे आणि चारित्र्याचे प्रश्न संमतीचा मुद्दा सिद्ध करण्यासाठी विचारण्यास बंदी केली आहे. २०१३ सालच्या दुरुस्तीने ही बंदी पक्की झाली. शिवाय केवळ अपमान करण्याच्या किंवा छळण्याच्या हेतूने विचारलेला प्रश्न कोर्टाने थांबविला पाहिजे, हे तर १८७२ पासूनच लिहिलेले आहे. लिहिलेले असून थांबत का नव्हते? कारण हरकत घेणारे कुणी उभे राहत नव्हते आणि साहेबही कित्येकदा गप्प बसत. बाईने स्वतः काय करावे? तिला हरकतीचे कलम माहीत असण्याची गरज नाही. "साहेब, हा प्रश्न मला समजला नाही," किंवा "साहेब, ह्याचे उत्तर द्यावे लागेल का?" एवढे तिने साहेबांकडे तोंड करून विचारावे. वकिलाकडे पाहू नये. साहेबांस मग काहीतरी ठरवावेच लागते.

औषध आहे तेथे विषही आहे. हरकतीचा विषासारखा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा, साक्षीदारास खूण देण्याची. समजा, एक सुतार पेटीत आहे आणि उलटतपासणीत अडला आहे. समोरचा वकील विचारतो, "तुम्ही तेथे किती वाजता पोचलात?" इतक्यात त्याच्या बाजूचा वकील उठून म्हणतो, "साहेब, हरकत आहे! साक्षीदाराजवळ घड्याळच नव्हते, तो वेळ कशी सांगणार?" झाले. सुतार लगेच म्हणतो, "माझ्याजवळ घड्याळ नव्हते." ही हरकत नव्हे, हा पोपटास दिलेला पेरू आहे. जाणता जज्ज अशा वेळी साक्षीदारास बाहेर पाठवितो आणि मग हरकतीवर बोलणे ऐकतो. साहेबांनी तसे केले नाही, तर तुमच्या वकिलाने तशी विनंती करावी.

दुसरी तऱ्हा वेळ काढण्याची. प्रत्येक प्रश्नास हरकत, हरकतीवर वाद, वादावर हुकूम, हुकुमावर उच्च न्यायालयात धाव, आणि तोवर खालचे काम बंद. धनवानास हे परवडते. बिगाऱ्यास, रिक्षावाल्यास, घरकाम करणाऱ्या बाईस एक तारीख म्हणजे एका दिवसाचा पगार. साक्षीदार तीनदा येऊन हात हलवीत परत गेला की चौथ्यांदा तो येत नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातला गोळीबार ११ जुलै १९९७ चा. त्यात दहा माणसे गेली. त्याच्या खटल्याचा सत्र न्यायालयातला निकाल लागला २००९ साली. बारा वर्षे! बारा वर्षांनी कुणास विचारले की तू भिंतीच्या अलीकडे होतास की पलीकडे, तर तो काय सांगेल, आणि चुकला तर खोटा ठरेल.

ह्या वेळकाढूपणावर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गुजरातेतल्या पांचाळ खटल्यात एक तोड सांगितली. हरकत निघाली की तिची नोंद करा, कागदास तात्पुरती निशाणी द्या, साक्ष पुढे चालवा आणि हरकतीचा निकाल शेवटच्या निकालपत्रात द्या. फक्त मुद्रांकाची हरकत तेवढी तेथल्या तेथे मिटवा. ही तोड का शक्य झाली? पूर्वी ज्यूरी असे. नऊ सामान्य माणसे बसलेली असत. त्यांच्या कानावर नको ती गोष्ट एकदा पडली की काढता येत नसे, म्हणून हरकतीचा निकाल ताबडतोब लागत असे. मुंबईत १९५९ साली नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष म्हटले, पण उच्च न्यायालयाने ते फिरवून शिक्षा दिली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, हे तुमच्यातल्या वडील मंडळींस आठवत असेल. पुढे ज्यूरी गेली. आता ऐकणारा एकटा जज्ज, तो जाणता. नको ते वाचून सोडून देईल, असा विचार.

विचार चांगला, पण व्यवहारात काय झाले? "हरकतीस अधीन राहून" ही एक ओळ सांगून वाटेल तो प्रश्न आत येऊ लागला. हरकतीचा निकाल शेवटी द्यावयाचा, आणि शेवट येईपर्यंत तीन साहेब बदलतात. एका दिवसात आटोपणारी उलटतपासणी महिनाभर लांबते. म्हणून २० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतल्या उणिवांचा विचार करताना सांगितले की पांचाळ खटल्यातली ती रीत बंधनकारक मानू नये. प्रश्नावरच्या हरकतीचा निकाल काम चालू असतानाच द्यावा, निदान त्या साक्षीदाराची साक्ष संपताच द्यावा. आमचे मत ह्या दुसऱ्या बाजूस आहे. शेवटी ठरवू, ह्याचा अर्थ श्रीमंतापाशी सवड आहे आणि गरिबापाशी नाही एवढाच होतो.

दिवाणी दाव्यात तर जुनाच स्पष्ट नियम आहे. प्रश्नास हरकत घेतली आणि कोर्टाने प्रश्न विचारू दिला, तर जज्जाने तो प्रश्न, त्याचे उत्तर, हरकत, हरकत घेणाऱ्याचे नाव आणि कोर्टाचा निर्णय, पाचही गोष्टी लिहून घ्याव्यात. तुमच्या वकिलाने हरकत घेतली आणि साहेब "बरं, पुढे चला" म्हणाले, पण लिहिले काहीच नाही, तर अपिलाच्या कोर्टास ती हरकत कधी निघालीच नव्हती. तेथे तुमचे तोंड पाहत नाहीत, कागद पाहतात. तेव्हा संध्याकाळी वकिलास "आज कसे झाले?" असे मोघम विचारू नका. "हरकत लिहिली गेली का?" असे विचारा, आणि साक्षीची नक्कल मागवा. रोजनाम्यात तेवढ्या दिवसाचा गोषवारा असतो, त्यावर भागत नाही.

मात्र प्रत्येक प्रश्नावर वकील उठला नाही म्हणून त्याच्यावर चिडूही नका. चांगला वकील बहुतेक वेळा बसून राहतो. समोरच्याच्या चुकीच्या प्रश्नास आपल्याच फायद्याचे उत्तर येणार असेल तर तो कशास अडवील? शिवाय दहा पोकळ हरकती घेतल्या की अकराव्या खऱ्या हरकतीस साहेब कान देत नाहीत. लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्हांस ठाऊकच आहे. आणि एका माणसाच्या प्रश्नास तर कुणाही पक्षकारास वा वकिलास हरकत घेता येत नाही. तो माणूस म्हणजे स्वतः जज्ज. सत्य काढण्यासाठी साहेबांनी कोणत्याही वेळी कोणताही प्रश्न विचारावा, असे कायदा म्हणतो. साहेबांनी स्वतः प्रश्न विचारला की पाय घट्ट रोवून, जेवढे ठाऊक तेवढेच सांगा.

शेवटी एक हरकत राहिली. ती वकिलाची नव्हे, तुमची स्वतःची. तुम्ही साक्ष मराठीत देता. १९९८ पासून राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, तरी मुंबईत पुष्कळदा साहेब तुमचे मराठी ऐकतात आणि टंकलेखकास इंग्रजीत सांगतात. तुमचा शब्द दोन उंबरे ओलांडून कागदावर पोचतो. भाषांतराचा घोटाळा केवढा होतो हे १९०८ साली टिळकांनाही पुरेपूर कळले. टिळकांचे आणि आमच्या चळवळीचे कधी जमले नाही, पण 'केसरी'तल्या लेखांचे इंग्रजी भाषांतर चुकीचे आहे, ही त्यांनी स्वतः उभे राहून घेतलेली हरकत आम्हांस पटते. त्यांच्या ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. एवढ्या विद्वान माणसास शब्दांसाठी दिवसचे दिवस भांडावे लागले, मग लोहाराच्या, कोळणीच्या शब्दांचे काय होत असेल?

त्यासाठी फौजदारी कायद्यात तजवीज आहे. साक्ष संपली की ती साक्षीदारास वाचून दाखवावी. ती दुसऱ्या भाषेत लिहिली असेल आणि त्यास ती कळत नसेल, तर ज्या भाषेत त्याने साक्ष दिली तिच्यात किंवा त्यास कळणाऱ्या भाषेत समजावून सांगावी. "मी असे बोललो नाही," असे साक्षीदार म्हणाला तर कोर्टाने ते दुरुस्त करावे, नाहीतर निदान साक्षीदाराची हरकत म्हणून खाली टिपून ठेवावे. येथे वकील लागत नाही, फी लागत नाही. दुपारची वेळ असते, शिपाई पुढच्या खटल्याचा पुकारा करीत असतो, कारकून कागद पुढे सरकवून बोटाने सहीची जागा दाखवितो आणि आपण भिडेखातर सही करतो. तसे करू नका. "साहेब, मराठीत वाचून दाखवा," म्हणा. ऐकताना तारीख, रक्कम आणि दिशा ह्यांवर कान ठेवा. पूर्वेची भिंत पश्चिमेस गेलेली असते, पाच हजारांचे पन्नास झालेले असतात, "मला आठवत नाही" ह्याचे "तसे घडले नाही" झालेले असते. चुकले असेल ते सांगा, बदललेले पुन्हा वाचून घ्या, आणि मग सही किंवा अंगठा करा.